नाशिकच्या उन्हापावसात व्हिडिओ: पहिला फिल्टर कोणता घ्यावा?

गोदाकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. रामकुंड, सोमेश्वर, मखमलाबादकडच्या द्राक्षबागा आणि पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावरचे धबधबे, एवढ्या पट्ट्यात व्हिडिओ करायचे आहेत. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा. लेन्स दोन: १७-७० मिमी एफ २.८ (पुढचे आटे ६७ मिमी) आणि ५० मिमी एफ १.८ (आटे ४९ मिमी). ४के, २५ फ्रेम.

अडचण अशी की दुपारी घाटावर एफ २.८ ठेवलं (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं) की शटर १/३००० च्या आसपास जातं. मग पाणी उडवणारी मुलं, आरतीचे हात, सगळं तुटक-तुटक दिसतं. एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागणार हे कळलंय. पण साधा की व्हेरिएबल (फिरवून दाटपणा बदलणारा)? सीपीएल (चकाकी कापणारा पोलराइझर) वेगळा घ्यावा का? यूव्ही लावून ठेवावा का? सगळं एकदम घेणं परवडणार नाही, त्यामुळे क्रम सांगा.

सातमाळ | शनिवार, रात्री १०.०२

शटर आधी ठरवा, फिल्टर त्यातूनच निघतो. २५ फ्रेमला १/५०. फ्रेमच्या दुप्पट शटर ठेवलं की हालचाल डोळ्याला सवयीची आहे तेवढी पुसट होते. आपल्याकडे १/५० ला आणखी एक कारण आहे. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० आणि १/१०० या दोन्ही शटरमध्ये ते लुकलुकणं पूर्ण चक्रात बसतं आणि पट्टे येत नाहीत. ३० फ्रेमवर १/६० ठेवलं तर देवळाच्या मंडपातल्या दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. ३० फ्रेमच हव्या असतील तर दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० वर आणा.

आता उजेडाचा हिशोब. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ ला शटर १/१०० च्या आसपास येतं. एफ १६ वरून २.८ वर आलात की पाच स्टॉप उजेड वाढला. १/१०० वरून १/५० वर आलात की आणखी एक. सहा स्टॉप जास्तीचे झाले. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणून सहा वेळा दुप्पट करा: ६४. तुमचा उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या उन्हाचा फिल्टर एनडी ६४.

पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी उजेड उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉपने कमी असतो. सहातून तीन गेले, उरले तीन. एनडी ८.

लॉगमध्ये (नंतर रंग जुळवण्यासाठी मुद्दाम फिकं नोंदवणाऱ्या मोडमध्ये) शूट करत असाल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० च्या खाली जाता येत नाही. १०० वरून ८०० म्हणजे पुन्हा तीन स्टॉप. मग ढगाळ दिवसाला एनडी ६४ लागतो आणि उन्हाला नऊ स्टॉप, म्हणजे ८ आणि ६४ एकावर एक. दोन काचांत चारही प्रसंग बसले. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली खरेदी साधा एनडी ८ आणि साधा एनडी ६४. मधला अर्धा-एक स्टॉप अ‍ॅपर्चर किंवा आयएसओने जुळवा.

खरेदी करताना आकड्यांत गोंधळ होतो. काही कंपन्या काचेवर ०.९, १.८, ३.० असं लिहितात. ती घनता. दर ०.३ ला एक स्टॉप. म्हणजे ०.९ हा एनडी ८, १.८ हा एनडी ६४ आणि ३.० हा दहा स्टॉपचा एनडी १०००.

तिवंधा | शनिवार, रात्री १०.४०

सातमाळ, हिशोब चोख आहे, पण हे सगळं ट्रायपॉडवर उभं राहून काम करणाऱ्याचं झालं. मिरवणूक, लग्न, पालखी यांत कॅमेरा हातात असतो. उन्हातून मांडवात शिरलं की उजेड चार-पाच स्टॉपने पडतो आणि नवरदेव थांबत नाही. तिथे काच उघडून दुसरी लावायला वेळ कुठे? २ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल एनडी बोटाने फिरवायचा आणि पुढे जायचं. अशा कामाला त्याला पर्याय नाही.

फक्त रेंज बघून घ्या. ‘एनडी २ ते ४००’ असं लिहिलेली काच एकच असली तरी शेवटच्या दोन-तीन स्टॉपला फ्रेमवर काळी फुली उमटते. दोन्ही टोकांना अटकाव असलेली, म्हणजे २ ते ५ किंवा ६ ते ९ एवढीच फिरणारी काच घ्या. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या. लेन्स १७ मिमीवर ठेवा, पांढऱ्या भिंतीकडे धरा, कमीतून जास्तीत हळूहळू फिरवा. कोपरे आधी काळवंडले किंवा मध्ये पट्टा आला तर ती काच परत. मग ७० मिमीवर दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचा. स्वस्त काचेची खरी कसोटी तिथे लागते, वाइडवर सगळ्याच चांगल्या दिसतात.

सातमाळ | शनिवार, रात्री ११.१५

लग्नाच्या कामाला व्हेरिएबल, मान्य. धागाकर्त्यांचं काम मात्र पाणी आणि आभाळ आहे, आणि नेमकं तिथेच तो दगा देतो. कारण समजून घ्या म्हणजे कुठे टाळायचा ते आपोआप कळेल.

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकासमोर एक ठेवलेल्या दोन पोलराइझर काचा. एक फिरवली की दोघींच्या दिशा एकमेकींना आडव्या येत जातात आणि उजेड अडतो. पण पुढची काच पोलराइझर असल्यामुळे ती पाण्यावरची चकाकी आणि आभाळाचा निळा रंगही बदलते. तुम्हाला हवं असो वा नसो. उजेड कमी करायला रिंग फिरवली आणि त्यासोबत पुढची काच फिरली की गोदावरीवरचं देवळांचं प्रतिबिंब निम्मं गायब. गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) घाटाभोवती पॅन केलं तर आभाळाचा एक भाग गडद, दुसरा फिका, आणि कॅमेरा वळेल तसा तो गडद भाग सरकत जातो. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर रंग जुळवताना, हे दुरुस्त होत नाही.

आणि आता जे सगळे करतात ते: आडवा शॉट घेतला, मग त्याच जागेवर रीलसाठी कॅमेरा उभा केला. पुढची काच कॅमेऱ्यासोबत ९० अंशांत फिरली. आडव्यात ओल्या पायऱ्या मऊ, गडद दिसत होत्या, उभ्यात त्याच पायऱ्या पांढऱ्या चकाकतात. दोन्ही शॉट एकत्र लावले की दोन वेगळ्या वेळी घेतल्यासारखे वाटतात. साध्या एनडीत हे होणारच नाही.

चामरलेणी | रविवार, सकाळी ७.३०

सीपीएलबद्दल लिहितो, कारण त्याचं काम नंतर संगणकावर करता येत नाही. रंग, कॉन्ट्रास्ट, वरून गडद होत जाणारं आभाळ, सगळं नंतर होतं. पानावरची चकाकी एकदा पांढरी नोंदली गेली की तिच्याखालचा हिरवा परत येत नाही. पावसाळ्यात अंजनेरीचा उतार, ओली कातळभिंत, भाताची खाचरं यांना सीपीएल लावून बघा. हिरवा आपोआप भरतो, सॅच्युरेशनला हात लावावा लागत नाही.

वापरताना या गोष्टी ध्यानात असू द्या.

आभाळावर परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात जास्त. हाताच्या अंगठ्याने सूर्याकडे रोखा आणि तर्जनी काटकोनात धरा. अंगठा सूर्यावर ठेवून मनगट फिरवलं की तर्जनी आभाळात ज्या रेषेवरून फिरते तो गडद होणारा पट्टा. नाशिक २० अक्षांशावर, त्यामुळे २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडाशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी हा पट्टा चहूबाजूंनी क्षितिजालगत असतो, कुठेही कॅमेरा फिरवा, आभाळ सारखंच गडद होतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४६-४७ अंशांवरच थांबतो, तेव्हा पट्टा तिरका पडतो. १७ मिमीला तो फ्रेमच्या मधोमध आला की निळा डाग पडल्यासारखा दिसतो. तिथे फिल्टर पूर्ण फिरवू नका किंवा आभाळ कमी घ्या.

पाण्यावरची चकाकी पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनात सर्वात जास्त कापली जाते. अगदी पाण्यालगत कॅमेरा ठेवला किंवा पुलावरून सरळ खाली पाहिलं तर परिणाम थोडाच. घाटाच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर बसून पुढच्या पाण्याकडे तिरकं बघणं, ही जागा बरोबर.

धातूची चकाकी मात्र जात नाही. तांब्याचा हंडा, पितळी समई, घंटा यांवर सीपीएल कितीही फिरवा, काही होणार नाही. काच, पाणी, पान, रंग दिलेलं लाकूड, घामट कातडी यांवर होतो.

इंद्रधनुष्य दिसलं की सीपीएल काढा किंवा फिरवून तपासा. एका कोनात ते पुसलंच जातं.

उजेडाचा खर्च दीड ते दोन स्टॉप.

आणि घेताना खरा सीपीएल आहे का ते आरशासमोर बघा. डोळ्यासमोर धरा, लेन्सवर बसणारी आट्यांची बाजू आरशाकडे. आरशातला फिल्टर काळा दिसला पाहिजे. उलटा धरला की तोच पारदर्शक दिसतो. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला तर तो साधा रेषीय पोलराइझर आहे. बऱ्याच डीएसएलआरमध्ये त्याने फोकस आणि मीटर चुकतात.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९.०५

खूप मोलाची माहिती. म्हणजे एनडी ८, एनडी ६४ आणि सीपीएल, या क्रमाने. दोन शंका. पावसाळ्यात रामकुंडाचं पाणी गढूळ असतं, तिथे सीपीएल लावावा का? आणि धबधब्याच्या फोटोत पाणी दुधासारखं यायला एनडी १००० घ्यावाच लागेल का?

चामरलेणी | रविवार, सकाळी ९.४०

गढूळ पाण्यावर अर्धाच फिरवा. पूर्ण चकाकी काढली की आभाळाचं प्रतिबिंब जातं आणि खाली फक्त मातीचा रंग उरतो. पाणी असतं त्याहून जास्त तपकिरी दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी म्हणेन प्रतिबिंब राहू द्या. हिवाळ्यात पाणी निवळलं की पायऱ्यांच्या कडेला पूर्ण फिरवा, पाण्याखालचा दगड दिसतो.

ब्रह्मगिरी | रविवार, दुपारी १२.२०

धबधब्याला एनडी १००० ची गरज क्वचितच. हिशोब बघा: ढगाळ आभाळ, आयएसओ १००, एफ ८, शटर १/६० च्या आसपास. सीपीएलने दोन स्टॉप आणि एनडी ८ ने तीन, एकूण पाच. १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४, १/२. अर्ध्या सेकंदावर आलात. सोमेश्वरसारख्या जोरात कोसळणाऱ्या पाण्याला अर्धा सेकंद भरपूर होतो, धारा मऊ होतात पण वेगळ्या दिसतात. बारीक, उंचावरून पडणाऱ्या धारेला एक-दोन सेकंद चालतात. त्याहून लांबवलं की पाण्याचा पांढरा पडदा होतो आणि आकार हरवतो, निदान मला तो आवडत नाही. एनडी १००० ठेवावा तो भर दुपारी ढग धावते दाखवायला किंवा घाटावरची गर्दी विरघळवायला: १/६० चं शटर १६ सेकंदांवर जातं.

लावायचा क्रम: लेन्सवर आधी एनडी, वर सीपीएल, कारण सीपीएल फिरवावा लागतो. आधी फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका, मग दाट एनडी चढवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. मधला खांब वर काढू नका. पाण्यात पाय रोवलेला ट्रायपॉड प्रवाहाने थरथरतो, पाय कोरड्या कातळावर ठेवा आणि मधल्या हुकाला बॅग लटकवताना ती झुलणार नाही इतकी खाली, जमिनीला टेकवून लटकवा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. डीएसएलआर असेल तर दाट एनडीसोबत आयपीसवर (डोळा लावायच्या खिडकीवर) झाकण घाला, तिथून शिरलेला उजेड फोटोत धूसर पट्टा आणतो.

आता उडणाऱ्या तुषारांबद्दल: दुगारवाडीच्या धबधब्याला वारा समोरून आला की दहा सेकंदांत काच ठिपक्यांनी भरते. हूड (लेन्सपुढची सावलीची कड) लावून लेन्स खाली करून थांबा, फ्रेम नक्की झाल्यावर पुसा आणि लगेच शॉट घ्या. चार कोरडी मायक्रोफायबर फडकी वेगळ्या पिशवीत ठेवा. ओलं झालेलं फडकं पुन्हा वापरलं की पाणी फक्त पसरतं.

आणि कळकळीने सांगतो, वरच्या डोंगरावर पाऊस वाढला की दुगारवाडीचा ओढा बघता बघता चढतो आणि परतीची वाट तुटते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की सोमेश्वरचंही तसंच. पाण्याचा आवाज किंवा रंग बदलला की ट्रायपॉड उचला. प्रवाहाच्या पलीकडे सामान मांडू नका.

पेठरोड | रविवार, दुपारी ३.१०

६७ आणि ४९ अशा दोन लेन्स असताना दोन-दोन फिल्टर घेऊ नका. सगळे फिल्टर ७७ मिमीचे घ्या आणि ६७-७७ व ४९-७७ अशा दोन स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या) घ्या. पुढे मोठी लेन्स आली तरी काच तीच राहते. मोठ्या काचेचा आणखी एक फायदा: ८, ६४ आणि सीपीएल एकावर एक लावले तरी १७ मिमीला कोपरे कापले जाण्याची शक्यता कमी. तोटा असा की लेन्सचा मूळ हूड बसत नाही. ७७ च्या आट्यांत बसणारा रबरी हूड मिळतो, नाहीतर हाताने सावली धरा. ७७ चं एक झाकणही सोबत घ्या, हे सगळे विसरतात.

रिंग शक्यतो पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घट्ट बसलं की अडकतं. आणि अडकलेल्या फिल्टरबद्दल सविस्तर लिहितो, कारण काचा जितक्या तिथे फुटतात तितक्या पडूनही फुटत नसतील.

रिंग अडकली की माणूस बोटांच्या चिमटीत जोरात धरतो. तिथेच चूक. रिंग पातळ असते, दोन बाजूंनी दाबली की ती अंडाकृती होते आणि आटे आणखी घट्ट चावतात. जितका जोर, तितकी घट्ट. दाब सगळीकडून सारखा हवा. स्वच्छ धुतलेली, सपाट तळव्याची रबरी चपल किंवा माऊसपॅड टेबलावर ठेवा. लेन्स त्यावर पालथी घाला, म्हणजे फिल्टरची कडा रबरावर टेकेल. वरून हलका, सरळ दाब देऊन लेन्स घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा, बरणीचं झाकण उघडतो तसं. रबर रिंगला सगळीकडून धरतं, आकार बिघडत नाही. बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत सुटते. काच रिंगच्या बाहेर फुगलेली असेल तर हे करू नका.

सीपीएल अडकला तर हा उपाय चालत नाही, कारण पुढची रिंग नुसतीच गरगर फिरते. धरायची असते ती लेन्सलगतची दोन-तीन मिलिमीटरची मागची रिंग. तिच्यावर रुंद रबरबँड दोन वेढे घट्ट बसवा आणि रबरबँडवरूनच फिरवा. तरी नाही सुटली तर फिल्टर काढायचे प्लास्टिकचे पाने मिळतात, जोडीने घ्या. एकमेकांत अडकलेले दोन एनडी सोडवायला दोन्ही लागतात.

तेल अजिबात नको, ते काचेवर आणि पुढे अ‍ॅपर्चरच्या पात्यांपर्यंत ओघळतं. त्याऐवजी आट्यांवर मऊ, ६बी पेन्सिलीचं टोक फिरवा आणि ब्रशने जादाची पूड झाडून टाका. लावताना आधी उलट फिरवा, ‘टक’ असा बारीक आवाज येईल, तिथे आटे समोरासमोर आले. मग सरळ फिरवा. शेवटी घट्ट पिळू नका, टेकली की पुरे.

तिवंधा | रविवार, सायंकाळी ६.४५

यूव्हीचा प्रश्न राहिला. डिजिटल कॅमेऱ्यात यूव्हीचा प्रतिमेसाठी उपयोग जवळपास नाही, तो फक्त पुढची ढाल. ती कधी हवी आणि कधी नको, एवढंच ठरवायचं.

हवी ती रंगपंचमीला. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक, जुनी तांबट लेन, कुठल्याही रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदाजवळ) कॅमेरा काढायचा तर साधी स्वच्छ काच पुढे असलीच पाहिजे. रहाडीतलं रंगाचं पाणी वाळलं की कोटिंगवर डाग बसतो आणि गुलाल कोरडा पुसला की चरे पडतात. आधी फुंकणी, मग ब्रश, मग लेन्सचं द्रव फडक्यावर घेऊन मधून कडेकडे. द्रव थेट काचेवर टाकू नका, कडेने आत शिरतं. कॅमेऱ्याच्या जोडण्यांची झाकणं आणि बॅटरीच्या दाराची फट कापडी गॅफर टेपने बंद करा. साधी सेलोटेप चिकट डाग सोडते.

नको ती आरतीच्या वेळी. अंधारात रामकुंडावर निरांजनं आणि नदीत सोडलेले दिवे असतात. फिल्टरची सपाट काच सेन्सरवरून परत आलेला उजेड पुन्हा आत फेकते. खूण अगदी पक्की: फ्रेमच्या मध्यबिंदूतून आरपार, दिव्याच्या बरोबर विरुद्ध जागी, उलटा हिरवट ठिपका. दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यात तर हे ‘भूत’, म्हणजे तो ठिपका, खालच्या उजव्या कोपऱ्यात. कॅमेरा हलवला की दोघे विरुद्ध दिशांना सरकतात. असं दिसलं की यूव्ही काढा, हूड लावा.

तेवढ्यासाठी मिस्ट फिल्टर वेगळा. दिव्यांभोवती मऊ वलय हवं असेल तर १/८ ताकदीच्या मिस्टपासून सुरुवात करा. लेन्स लांब होत जाते तसा परिणाम वाढतो, १७ मिमीला १/४ सौम्य वाटतो आणि ७० ला तोच चेहरा धुरकट करतो. दिवसा सूर्य समोर असताना मिस्ट लावलात तर सगळी फ्रेम दुधाळ होते. धूळ बसलेला मिस्ट तर नकोच.

निफाडची_बाग | रविवार, रात्री ८.३०

द्राक्षबागेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. घडाला तुमची १७-७० पुरते, मण्यासाठी क्लोज-अप काच, म्हणजे लेन्सपुढे लावायचं भिंग, लागते. त्यावर +२, +४, +१० असे आकडे असतात. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर +२ ला विषय ५० सेंमीवर स्पष्ट होतो, +४ ला २५ सेंमीवर, +१० ला १० सेंमीवर. ७० मिमीवर +४ लावली की एपीएस-सीच्या फ्रेममध्ये साधारण ८४ मिमी रुंदी मावते, म्हणजे चार मणी शेजारी शेजारी. +१० ला साधारण ३४ मिमी, एक मणी आणि त्याचा देठ. एका काचेची +१० कडांना निळी-जांभळी किनार देते. दोन काचा जोडलेली अ‍ॅक्रोमॅट घ्या, ती महाग असते पण किनार जवळजवळ जाते. उजेड कमी होत नाही हा क्लोज-अप काचेचा फायदा, एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळीत) होतो.

मण्यावरचा पांढुरका थर हीच ताज्या द्राक्षाची खूण. बोट लागलं की पुसला जातो आणि पुन्हा येत नाही, म्हणून घड देठाला धरून फिरवा. सीपीएलने मण्यावरचा आभाळाचा पांढरा ठिपका कमी होतो आणि हा थर नीट दिसतो. पण ठिपका सगळा काढू नका, मणी चपटा वाटायला लागतो. फोकससाठी रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच मिलिमीटरभर पुढेमागे करा. एफ ८ ला सुद्धा फोकसची खोली काही मिलिमीटरचीच असते आणि वाऱ्याने घड हलतो. बांबूच्या काडीने घडाची दांडी वेलाच्या तारेला टेकवून ठेवली की हालचाल थांबते.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९.१५

ताई, हे फारच उपयोगी. आता हे सगळं सामान पावसाळ्यात ठेवायचं कसं?

पेठरोड | रविवार, रात्री ९.५०

हवाबंद डबा, आत पाचशे-सहाशे रुपयांत मिळेल तसा साधा दमटपणा मोजायचा मीटर आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर राहिला की बुरशी धरते, ३० च्या खाली गेला की रबर आणि वंगण सुकतं. निळी सिलिका ओली झाली की गुलाबी होते. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा निळी. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. नारिंगी जात त्यापेक्षा बरी. कातडी पाऊचमध्ये लेन्स महिनोन्महिने ठेवू नका, कातडं ओल धरतं.

एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडली की काच धूसर होते. बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये वाफ धरली असेल तर फिल्टर काढून ठेवा, बाहेरून पुसून ती जाणार नाही. आणि मेमध्ये सीपीएल किंवा व्हेरिएबल एनडी गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका, आतली पोलराइझर फिल्म उष्णतेने सुटते.

सातमाळ | सोमवार, सकाळी ८.१०

नवीन एनडी आला की घरीच तपासा. पांढरी भिंत, आयएसओ १००, एफ ५.६. समजा काचेशिवाय १/२०० बरोबर येतंय. एनडी ६४ लावून शटर १/३ करा. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) त्याच जागी आला तर काच सहा स्टॉपची. डावीकडे सरकला तर ती जास्त दाट आहे, मग शूटच्या दिवशी तेवढं धरून चाला. दोन्ही फोटोंचा व्हाइट बॅलन्स एकच ठेवून रंगाची झाक बघा. हिरवट किंवा पिवळट झाक सगळ्या फ्रेमभर सारखी असेल तर ग्रेडिंगमध्ये निघते.

निघत नाही ती इन्फ्रारेडची. दाट एनडी दिसणारा उजेड अडवतो, पण स्वस्त काच इन्फ्रारेड तसाच आत सोडते. परिणामी काळं सिंथेटिक कापड मातकट तांबूस दिसतं आणि काळे केस तपकिरी. काळी नायलॉनची बॅग उन्हात ठेवून एनडी ६४ ने आणि ८ व ६४ एकत्र लावून फोटो काढा. काळा काळाच राहिला पाहिजे. लाल होत असेल तर इन्फ्रारेड अडवणारा, म्हणजे ‘आयआर एनडी’ लिहिलेला घ्या.

अवांतर: मोबाइलवर व्हिडिओ करणारे विचारतातच म्हणून, बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर बदलत नाही. एफ १.८, आयएसओ ५०, शटर १/५० धरलं तर उन्हात सहा स्टॉपच्या थोडंसं वर लागतं, म्हणजे तिथेही एनडी ६४. फक्त अ‍ॅपमध्ये लेन्स कुलूपबंद करा, नाहीतर मोबाइल मध्येच दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि तिच्यावर फिल्टर नसतो. गिंबल वापरत असाल तर तोल फिल्टर लावूनच साधा. ड्रोनचा एनडी ड्रोन चालू करण्याआधी बसवा, चालू झाल्यावर गिंबलला हात लागला तर मोटर ताण घेते. आणि आपल्याकडे देवळालीचं लष्करी ठाणं व ओझरचा विमानतळ दोन्ही जवळ आहेत, उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

ब्रह्मगिरी | सोमवार, रात्री ८.५५

सिंहस्थाची तयारी करणाऱ्यांसाठी एक. जाहीर वेळापत्रकानुसार पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे, भारतातून खंडग्रास. श्रावणाच्या तोंडावर ढग असण्याचीच शक्यता जास्त, पण ढग फाटले तर हजारो लोक कॅमेरा वर करतील. इथले कोणतेही एनडी, एनडी १००० सुद्धा, त्या कामाचे नाहीत. काचेतून दिसणारा उजेड दहा स्टॉपने कमी झाला तरी इन्फ्रारेड डोळ्यात जातोच. सूर्यासाठी घनता ५.० ची, म्हणजे एक लाख पट उजेड कमी करणारी सौर फिल्म लागते. ती लेन्सच्या पुढे बसवायची, मागे नाही, आणि वाऱ्याने उडणार नाही अशी टेपने पक्की करायची. शॉट संपेपर्यंत काढायची नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, मागच्या स्क्रीनवर बघा. फिल्म आधी घरातल्या एलईडी दिव्यासमोर धरून तपासा: सुईच्या टोकाएवढाही उजेड कुठून थेट येत असेल तर तो तुकडा फेकून द्या.

गोदाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०.०५

यादी केली: ७७ मिमीचे एनडी ८, एनडी ६४ आणि सीपीएल, दोन पितळी रिंग, ७७ चं झाकण, रबरी हूड, चार फडकी, सिलिका. ५० मिमी एफ १.८ ला उन्हात १/५० वर काय करू? एफ १.८ वरच ठेवायचंय.

सातमाळ | सोमवार, रात्री १०.२०

२.८ वरून १.८ म्हणजे सव्वा-दीड स्टॉप जास्त. ६४ वर सीपीएल चढवा, त्याचे दीड-दोन स्टॉप बरोबर भरून काढतात. आभाळ फ्रेममध्ये नसेल तर सीपीएलची दिशा कुठलीही चालेल, पण शॉट सुरू झाल्यावर ती फिरवू नका.